काळजी वाटणे आणि काळजी घेणे

प्रस्तावना

‘काळजी’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात दिवसातून अनेकदा येतो. मूल शाळेतून वेळेवर परतले नाही, की आईला काळजी वाटते. तेच मूल तापाने फणफणले, की ती त्याची काळजी घेते. शब्द एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यात तो मनाची अस्वस्थता सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात हातांचे काम. या दोन अर्थांत किती अंतर आहे, हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. २०२० साली कोविड-१९ ची महासाथ आली, तेव्हा रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांना मात्र हे अंतर प्रत्येक पाळीला नव्याने ओलांडावे लागले.

प्रस्तुत पाठात तमिळनाडूची राजधानी चेन्नई येथील परिचारिकांच्या त्या काळातील कामाचा परिचय करून दिला आहे. त्यांना कशाची भीती वाटत होती, त्यांनी स्वतःला कसे जपले आणि त्यांना जपण्याची जबाबदारी आणखी कोणाकोणाची होती, या तीन प्रश्नांचा विचार या पाठात आहे. तुमच्यापैकी काहींनी घरी किंवा रुग्णालयात आजारी माणसाची शुश्रूषा केली असेल. पाठ वाचताना तो अनुभव आठवा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• महासाथीच्या काळात परिचारिकांना वाटणाऱ्या चिंतेची कारणे सांगणे;
• स्वसंरक्षणाची कृती क्रमाने समजावून देणे;
• सेवाभाव आणि स्वसंरक्षण यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे;
• ‘काळजी’ या शब्दाचे विविध वाक्प्रयोग ओळखून त्यांचा योग्य वापर करणे.

मूळ पाठ

(१) एक जुनी साथ

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि काही महिन्यांतच ती पुण्यास पोहोचली. सावित्रीबाई फुले यांनी तेव्हा वयाची पासष्ट वर्षे ओलांडली होती. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रुग्णांची शुश्रूषा करू लागल्या. हे काम करीत असतानाच त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ही घटना महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि, तिच्यातील एक बाजू बहुधा सांगावयाची राहून जाते. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ साली हाँगकाँग येथे शोधून काढला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमुळे माणसापर्यंत पोहोचतो, हे पॉल-लुई सिमाँ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले ते १८९८ साली, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर. रुग्णाजवळ जाणाऱ्या माणसाने स्वतःला नेमके कशापासून जपावे, हे १८९७ साली कोणासच पुरते ठाऊक नव्हते.

म्हणून सावित्रीबाईंच्या थोर त्यागातून ‘सेवा करणाऱ्याने जिवावर उदार व्हावे’ एवढाच बोध घेणे अपुरे ठरते. ज्ञान नसताना एखाद्याने स्वेच्छेने पत्करलेला धोका वेगळा. ज्ञान असताना, केवळ साधने पुरवली नाहीत म्हणून दुसऱ्यावर लादलेला धोका वेगळा. सव्वाशे वर्षांनंतर आलेल्या महासाथीत हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

(२) चेन्नईतील ते महिने

चेन्नई हे दक्षिण भारतातील वैद्यकीय सेवेचे मोठे केंद्र आहे. येथील मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर राजीव गांधी शासकीय सार्वजनिक रुग्णालयाची इमारत उभी आहे. या रुग्णालयाचा आरंभ १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात झाला. साथी या शहराला नव्या नव्हत्या. गिंडी भागातील किंग इन्स्टिट्यूट ही संस्था १८९९ साली स्थापन झाली, ती देवीच्या रोगावरील लस तयार करण्यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय परिचारिका आणि सुईण वर्ष’ म्हणून घोषित केले होते. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला. त्यांच्या द्विशताब्दीचे ते वर्ष. समारंभांची तयारी चालू असतानाच कोविड-१९ आला. ७ मार्च २०२० रोजी तमिळनाडूत पहिला रुग्ण आढळला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला महासाथ म्हटले. चेन्नईतील ओमंदूरार शासकीय रुग्णालय कोविडच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. ५ मे रोजी कोयंबेडू येथील भाजीपाल्याचा प्रचंड घाऊक बाजार संसर्गामुळे बंद करावा लागला. १९ जून ते ३० जून या काळात शहरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली आणि जुलैमध्ये किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात कोविडसाठी नवे रुग्णालय सुरू झाले.

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन दरवर्षी दीप लावून साजरा होतो. त्या वर्षी तो आला, तेव्हा कित्येक परिचारिका आपल्या घरापासून दूर, विलगीकरणाच्या खोलीत होत्या.

पाठगत प्रश्न १
(अ) प्लेग माणसापर्यंत कोणामार्फत पोहोचतो?
(आ) २०२० हे वर्ष कोणते वर्ष म्हणून घोषित झाले होते?
(इ) किंग इन्स्टिट्यूट कोणत्या कामासाठी स्थापन झाली?

(३) भीती कशाची होती?

परिचारिकेला स्वतःच्या आजारपणाची भीती वाटत होती, हे खरे आहे. परंतु ती भीती एकटी नव्हती. तिच्या पोटात आणखी अनेक भीती होत्या.

पहिली भीती घराची होती. पाळी संपवून घरी जाणारी परिचारिका दाराबाहेरच चपला काढी, कोणालाही न शिवता न्हाणीघरात जाई, कपडे साबणाच्या पाण्यात टाकी आणि मगच मुलाला जवळ घेई. घरात वृद्ध सासू किंवा मधुमेह असलेले वडील असतील, तर तेवढ्यानेही तिचे समाधान होत नसे. अनेक रुग्णालयांत काही दिवस सलग काम आणि नंतर काही दिवस विलगीकरण अशी योजना होती. त्या काळात आई आणि मूल यांची भेट दूरध्वनीच्या पडद्यावर होत असे. आजार आपल्याला होईल यापेक्षा तो आपल्यामुळे कोणाला तरी होईल, हा विचार अधिक बोचणारा होता.

दुसरी भीती अज्ञाताची होती. आजार नवा होता. तो कसा पसरतो, याविषयीच्या सूचना आरंभीच्या महिन्यांत वारंवार बदलत होत्या. काल पुरेसे मानलेले साधन आज अपुरे ठरे. सूचना बदलली, की मनात प्रश्न उभा राही : कालच्या पाळीत आपले काही चुकले तर नसेल?

तिसरी भीती साधनांच्या टंचाईची होती. मार्च २०२० मध्ये संपूर्ण शरीर झाकणारे संरक्षक पोशाख आपल्या देशात जवळजवळ तयारच होत नव्हते. हाती असलेला मास्क जपून वापरावा की बदलावा, हा निर्णय अनेकींना दररोज करावा लागे.

चौथी भीती माणसांची होती. काही घरमालकांनी आरोग्यसेवकांना खोली सोडण्यास सांगितले. काही शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. १९ एप्रिल २०२० च्या रात्री चेन्नईत एका नामवंत मज्जाशल्यचिकित्सकाचा अंत्यविधी जमावाने रोखला. ते कोविडने मृत्यू पावले होते. शववाहिकेवर दगडफेक झाली आणि अखेर पोलिसांच्या संरक्षणात, त्यांच्या एका सहकारी डॉक्टरला स्वतःच्या हातांनी माती लोटून दफन पुरे करावे लागले. ज्यांनी आयुष्यभर शहराची सेवा केली, त्यांना मूठभर माती मिळणेही कठीण झाले, ही वार्ता प्रत्येक रुग्णकक्षात पोहोचली.

या भीतींविषयी मोकळेपणाने बोलणे सोपे नव्हते. परिचारिकेने धीर द्यावयाचा असतो, तिने घाबरावयाचे नसते, अशी समजूत समाजात आहे आणि ती पुष्कळदा परिचारिकांच्या मनातही असते. त्यामुळे झोप न लागणे, भूक मंदावणे, साधा खोकला आला तरी छातीत धडधडणे, लहानशा कारणाने रडू येणे ही लक्षणे कित्येकींनी कोणाला सांगितली नाहीत. वस्तुतः धोका असताना भीती वाटणे हे मन निरोगी असल्याचे चिन्ह आहे. ती दीर्घकाळ दडपली, की मात्र ती माणसाला आतून थकवते. आणि थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात.

पाठगत प्रश्न २
(अ) परिचारिकांच्या चार प्रकारच्या भीती कोणत्या?
(आ) ‘परिचारिकेने घाबरावयाचे नसते’ या समजुतीचा परिणाम काय झाला?

(४) भीतीची रीत होते, तेव्हा

भीती घालवता येत नसली, तरी तिला कामाला लावता येते. रुग्णालयात ते काम रीतीने होते. रीत म्हणजे ठरलेल्या क्रमाने, दरवेळी तीच, न विसरता केलेली कृती.

कोविड कक्षात जाण्यापूर्वी परिचारिका अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवी आणि हात स्वच्छ करी. साबण-पाण्याने हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात आणि अल्कोहोलयुक्त द्राव चोळण्यास वीस ते तीस. मग संरक्षक पोशाख, मास्क, चष्मा किंवा चेहऱ्यावरील पारदर्शक ढाल आणि हातमोजे चढविले जात. मास्कची पट्टी नाकावर दाबून, श्वास सोडून, कडेने हवा निसटते का हे पाहिले जाई. एन-९५ मास्क हवेतील अतिसूक्ष्म कणांपैकी किमान पंचाण्णव टक्के कण अडवितो; परंतु तो चेहऱ्याला नीट चिकटला नसेल, तर हवा कडेनेच आत शिरते आणि या गुणाचा उपयोग उरत नाही.

पोशाख चढविण्यापेक्षा उतरविणे अधिक जोखमीचे असते. चढविताना तो स्वच्छ असतो. उतरविताना त्याच्या बाहेरच्या बाजूस जंतू असू शकतात. सहा तासांनी बाहेर पडणाऱ्या परिचारिकेला घामाने भिजलेला तो पोशाख एकदाचा ओरबाडून फेकावा असे वाटे. आणि नेमके त्याच क्षणी तिला सर्वांत सावकाश वागावे लागे. बाहेरचे हातमोजे आधी, पोशाख आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, आणि मास्क अगदी शेवटी, पुढच्या भागाला स्पर्श न करता, मागच्या पट्ट्या धरून. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा हात स्वच्छ. जवळ उभी असलेली दुसरी परिचारिका हा क्रम पाहत असे आणि चूक होऊ लागली, की “थांबा” म्हणत असे. थकलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. ती दुसऱ्याला दिसते.

हे सारे चेन्नईच्या उन्हाळ्यात चालले होते. मे महिन्यातील कडक उन्हाच्या दिवसांना तमिळ लोक ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणतात. समुद्राकाठच्या दमट हवेत, अंगभर प्लॅस्टिकसारखे कापड, चष्म्याच्या काचांवर वाफ, नाकावर मास्कचे वळ. पाणी पिता येत नसे, कारण पाण्यासाठी मास्क काढावा लागे. स्वच्छतागृहात जाता येत नसे, कारण त्यासाठी पोशाख उतरवावा लागे. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण दुणावत असे. म्हणून पाळीपूर्वी पुरेसे पाणी पिणे, पोटभर खाणे, पाळीनंतर विश्रांती घेणे हादेखील स्वसंरक्षणाचाच भाग होता.

रीतीची सर्वांत कठीण परीक्षा निराळीच होती. कल्पना करा : परिचारिका कक्षाबाहेर आहे, तिने अद्याप पोशाख चढविलेला नाही. आत एका वृद्ध रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घसरू लागतो. यंत्र किणकिणते. रुग्ण तिला हाक मारतो, “सिस्टर”. कोणी “अक्का” म्हणतो. मराठीप्रमाणेच तमिळमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीण. तिचे पाय धावू पाहतात; वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने तिला धावावयासच शिकविले आहे. आता मात्र नियम सांगतो : आधी पोशाख, मग रुग्ण. ती काही मिनिटे तिला फार मोठी वाटतात. पट्ट्या बांधणारे हात थरथरतात आणि आपण निष्ठुर झालो की काय, असा प्रश्न मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर शांतपणे समजून घेतले पाहिजे. विनापोशाख आत धावलेली परिचारिका त्या क्षणी एका रुग्णाजवळ लवकर पोहोचेल. परंतु तिला संसर्ग झाला, तर ती पुढील दोन-तीन आठवडे एकाही रुग्णाजवळ पोहोचणार नाही. तिच्या सोबतिणींना विलगीकरणात जावे लागेल आणि उरलेल्यांवर दुप्पट भार पडेल. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वीच ती दुसऱ्या एखाद्या दुबळ्या रुग्णाला आजार देऊन बसेल. म्हणून ती काही मिनिटे रुग्णाच्या सेवेचाच भाग होती. मात्र ती मिनिटे कमी व्हावीत, यासाठी पोशाख चढविलेली एक परिचारिका कक्षात सतत असेल अशी पाळ्यांची आखणी हवी, आणि त्यासाठी पुरेशा परिचारिका हव्यात. येथे एकटीची रीत संपते आणि व्यवस्थेची जबाबदारी सुरू होते.

पाठगत प्रश्न ३
(अ) पोशाख उतरविणे अधिक जोखमीचे का असते?
(आ) पोशाख उतरविताना दुसरी परिचारिका जवळ का उभी राहत असे?

(५) काळजी घेणाऱ्यांची काळजी

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी देशभर लोकांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांचा गौरव केला. या गौरवाने अनेकांना हुरूप आला. परंतु परिचारिकेला सुरक्षित ठेवणाऱ्या गोष्टी त्याहून साध्या आणि खर्चाच्या असतात.

त्यांपैकी काही गोष्टी क्रमाने घडून आल्या. संरक्षक पोशाखाचे कापड रक्त आणि द्रव अडविते का, हे तपासण्याचे काम तमिळनाडूतीलच कोइम्बतूरच्या वस्त्रसंशोधन संस्थेने हाती घेतले. होजियरीसाठी प्रसिद्ध असलेल्या तिरुप्पूरच्या कारखान्यांत मास्क आणि पोशाख शिवले जाऊ लागले. मे महिन्यापर्यंत देशातील पोशाखांचे दैनिक उत्पादन लाखांच्या घरात गेले. केंद्र शासनाने २६ मार्च २०२० रोजी आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाख रुपयांच्या विम्याची घोषणा केली. २२ एप्रिल रोजी साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश निघाला. आरोग्यसेवकावर हल्ला करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद त्यात होती. मूळ साथरोग कायदा १८९७ सालचा, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्याच वर्षीचा. साथ रोखण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांना अधिकार देणाऱ्या या कायद्यात शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाची तरतूद यावयास सव्वाशे वर्षे लागली. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिली लस आरोग्यसेवकांना देण्यात आली.

तरीही किंमत मोठी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मृत्यू पावले असावेत. जगातील परिचारिकांपैकी बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यामुळे रुग्णालयातील काळजीसोबत घरची काळजीही बहुतेकींच्या वाट्याला आली.

आणखी एक काळजी साथ ओसरल्यावर पुढे आली. महासाथीत तमिळनाडूत तात्पुरत्या नेमलेल्या दोन हजारांहून अधिक परिचारिकांची सेवा २०२२ च्या अखेरीस संपविण्यात आली आणि त्यांना नोकरीसाठी आंदोलन करावे लागले. संकटात ज्यांची गरज भासली, त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न संकटानंतर कोणी पाहावयाचा, हाही काळजी घेण्याचाच प्रश्न आहे.

मनाच्या आरोग्याविषयी मात्र आता थोडी अधिक जाण आली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. पाळी संपल्यावर दोन सोबतिणींनी चहा घेत घेत दिवसभराचे बोलून टाकणे हाही एक जुना आणि चांगला उपाय आहे. चिंता बोलली गेली, की तिच्यातील खरा धोका कोणता आणि मनाने वाढविलेला कोणता, हे वेगळे करता येते. खऱ्या धोक्यासाठी साधन मागता येते. वाढविलेल्या भीतीसाठी सोबत पुरते.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ कोणती आणि केव्हा येईल, हे सांगता येत नाही. ती आली, तर रुग्णाच्या दारापाशी पुन्हा एखादी परिचारिका उभी असेल आणि तिला काळजी वाटेल. तिच्या हाताशी तेव्हा चांगला मास्क, शिकलेली रीत, शेजारी सोबतीण आणि पाठीशी समाज असेल, तर ती निश्चिंतपणे दुसऱ्याची काळजी घेऊ शकेल.

शब्दार्थ

महासाथ – अनेक देशांत पसरलेली साथ
शुश्रूषा, परिचर्या – रुग्णाची सेवा
विलगीकरण – संसर्ग टाळण्यासाठी वेगळे ठेवणे
टंचाई – कमतरता
मज्जाशल्यचिकित्सक – मेंदू व मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
अध्यादेश – विधिमंडळाचे अधिवेशन नसताना काढलेला, कायद्याइतकाच बंधनकारक आदेश
जिवावर उदार होणे – प्राणांची पर्वा न करणे

भाषाभ्यास

पुढील दोन वाक्ये वाचा.
१. परिचारिकेला काळजी वाटते.
२. परिचारिका काळजी घेते.

पहिल्या वाक्यात ‘वाटते’ या क्रियापदाचा कर्ता ‘काळजी’ आहे. ‘परिचारिकेला’ हे पद चतुर्थी विभक्तीत आहे. म्हणजे जे घडते ते काळजी घडविते आणि परिचारिका ते सोसते. दुसऱ्या वाक्यात ‘परिचारिका’ हा कर्ता असून ‘काळजी’ हे कर्म आहे. येथे कृती परिचारिकेच्या हाती आली आहे. पाठाचा आशय या दोन वाक्यांच्या रचनेतही दिसतो.

‘काळजी’पासून झालेले इतर प्रयोगही लक्षात ठेवा : काळजी लागणे, काळजी करणे, काळजी वाहणे, काळजी मिटणे, काळजीपूर्वक, काळजीवाहू, निष्काळजी. ‘निष्काळजी’ म्हणजे आवश्यक ती काळजी न घेणारा. ‘निश्चिंत’ म्हणजे ज्याला चिंता उरली नाही असा. हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

तुम्ही काय शिकलात?

• धोका असताना भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती दडपण्याने चुका वाढतात.
• ठरलेल्या क्रमाने केलेली कृती भीतीला उपयोगी वळण देते.
• स्वतःला जपणे हा रुग्णसेवेचाच भाग आहे.
• पुरेशी साधने, मनुष्यबळ, कायद्याचे संरक्षण आणि समाजाचा आधार देणे ही इतरांची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. ‘ज्ञान नसताना पत्करलेला धोका आणि ज्ञान असताना लादलेला धोका’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘आधी पोशाख, मग रुग्ण’ हा नियम तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. सफाई कामगार, बसवाहक, भाजीविक्रेते यांपैकी कोणा एकाला महासाथीत कोणत्या भीतींना तोंड द्यावे लागले असेल, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. ‘काळजी करणे’, ‘काळजी लागणे’, ‘काळजी मिटणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला भेटा. हात धुण्याची योग्य पद्धत त्यांच्याकडून शिकून घ्या आणि घरातील सर्वांना शिकवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) उंदरांवरील पिसवांमार्फत. (आ) आंतरराष्ट्रीय परिचारिका आणि सुईण वर्ष. (इ) देवीच्या रोगावरील लस तयार करण्यासाठी.
२. (अ) घरच्यांना संसर्ग होण्याची, अज्ञाताची, साधनांच्या टंचाईची आणि माणसांच्या वागणुकीची. (आ) अनेकींनी आपल्या मानसिक त्रासाची लक्षणे कोणाला सांगितली नाहीत.
३. (अ) पोशाखाच्या बाहेरच्या बाजूस जंतू असू शकतात म्हणून. (आ) थकलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. ती दुसऱ्याला दिसते म्हणून.